या आठवड्याची खेळाडू कोण? अमेरिकी कॉलेज महिला व्हॉलीबॉलच्या साप्ताहिक पुरस्कारांवर वाद कसा घालावा

शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेली आपल्याकडची बरीच मुलंमुली पर्ड्यू, इलिनॉय, पेन स्टेट, विस्कॉन्सिन अशा विद्यापीठांत पोहोचतात. तिथे गेल्या गेल्या फुटबॉलची चर्चा कानावर पडते, मग बास्केटबॉलची. महिला व्हॉलीबॉलकडे लक्ष जायला थोडा वेळ लागतो, पण एकदा गेलं की सुटत नाही. 30 ऑगस्ट 2023 रोजी नेब्रास्का विद्यापीठाने आपल्या फुटबॉल स्टेडियममध्ये व्हॉलीबॉलचं कोर्ट मांडलं आणि ओमाहाविरुद्धचा सामना बघायला 92,003 माणसं आली. साखळीतला साधा सामना होता तो, अंतिम सामना नव्हता.

या खेळाच्या चाहत्यांचा सोमवार ठरलेला असतो. शनिवार-रविवारचे सामने संपतात, साप्ताहिक पुरस्कार जाहीर होतात आणि वाद सुरू होतो: हिला का मिळाला, तिला का नाही. नवीन माणूस या वादात उतरतो तेव्हा त्याच्या हातात एकच आकडा असतो, किल्सचा. जिने सर्वांत जास्त गुण मारून मिळवले ती सर्वोत्तम, असं त्याला वाटतं. माझं मत सुरुवातीलाच सांगते. या पुरस्कारांमध्ये किल्सना गरजेपेक्षा जास्त वजन मिळतं, आणि चेंडू उचलणाऱ्या मुली मुख्य पुरस्काराच्या चर्चेत येतच नाहीत. हे बदलायचं तर निवड समितीवर चिडून उपयोग नाही, मुद्दा आकड्यांनी मांडता आला पाहिजे. तो कसा मांडायचा ते इथे क्रमाने सांगते.

पहिलं काम: कोणत्या पुरस्काराबद्दल बोलताय ते ठरवा

अर्धे वाद इथेच मिटतात, कारण दोघं दोन वेगळ्या पुरस्कारांबद्दल बोलत असतात. विद्यापीठं कॉन्फरन्स नावाच्या गटांत विभागलेली आहेत: बिग टेन, एसईसी, एसीसी, बिग ट्वेल्व्ह वगैरे. नावावर जाऊ नका. बिग टेनमध्ये 2024 पासून अठरा विद्यापीठं आहेत, आणि यूसीएलए, यूएससी, ऑरेगन, वॉशिंग्टन ही पश्चिम किनाऱ्यावरची मंडळीही त्यात आली आहेत. प्रत्येक कॉन्फरन्सचे पुरस्कार स्वतंत्र. बिग टेनमध्ये आठवड्याची खेळाडू, बचावातली खेळाडू, सेटर म्हणजे मारणारीला चेंडू उचलून देणारी, आणि फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाची खेळाडू असे प्रकार चालत आले आहेत. दुसऱ्या काही ठिकाणी मुख्य पुरस्काराच्या नावातच ‘आक्रमक खेळाडू’ असं असतं. तिथे लिबेरोला, म्हणजे फक्त मागे राहून चेंडू उचलणाऱ्या बचावपटूला, का दिला नाही, हा प्रश्नच उरत नाही.

या सगळ्यांच्या वर राष्ट्रीय पातळीवरचा साप्ताहिक पुरस्कार आहे. तो अमेरिकन व्हॉलीबॉल कोचेस असोसिएशन, म्हणजे एव्हीसीए ही प्रशिक्षकांची संघटना देते. संघटना 1981 सालची, आणि एनसीएएने, म्हणजे अमेरिकी कॉलेज खेळ चालवणाऱ्या संस्थेने, महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली तेही वर्ष तेच.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. बहुतेक ठिकाणी नामांकन त्या त्या विद्यापीठाच्या क्रीडा प्रसिद्धी विभागातून जातं. एका संघातल्या दोन मुली सारख्याच चांगल्या खेळल्या असतील तर विद्यापीठ कुणाचं नाव पुढे करतं यावर बरंच ठरतं. ‘तिचा विचारच केला नाही’ असं म्हणण्याआधी तिचं नाव गेलं होतं का, हा प्रश्न मनात ठेवा.

दुसरं काम: बॉक्स स्कोअर वाचायला शिका

इथे वेळ घालवा. सामना संपला की विद्यापीठाच्या क्रीडा पानावर आकड्यांचा तक्ता येतो, आणि सामना चालू असतानाही बऱ्याच ठिकाणी स्टॅटब्रॉडकास्ट या संकेतस्थळावर तो थेट दिसतो. पहिल्यांदा बघताना डोकं गरगरतं, पण त्यातले मोजकेच रकाने महत्त्वाचे असतात.

‘के’ म्हणजे किल: तिने मारला आणि थेट गुण मिळाला. ‘ई’ म्हणजे हल्ल्यातली चूक: चेंडू बाहेर गेला, जाळ्यात गेला किंवा समोरच्यांनी ब्लॉक करून गुण घेतला. नवीन लोकांना हा शेवटचा प्रकार माहीत नसतो. त्यांना वाटतं ब्लॉक झाला तर ते समोरच्याचं श्रेय, पण मारणारीच्या खात्यात ती चूक म्हणूनच पडते. ‘टीए’ म्हणजे एकूण प्रयत्न. या तिन्हींतून हिटिंग पर्सेंटेज निघतं: किल्समधून चुका वजा करायच्या आणि एकूण प्रयत्नांनी भागायचं.

उदाहरण घेऊ. एका मुलीने 40 वेळा मारलं, 18 किल्स, 4 चुका. अठरातून चार गेले चौदा, भागिले चाळीस, म्हणजे .350. दुसरीने 58 वेळा मारलं, 22 किल्स, 11 चुका. अकरा भागिले अठ्ठावन्न, म्हणजे .190. मथळा दुसरीचा होणार, कारण बावीस हा आकडा मोठा दिसतो. पण तिने स्वतःच्या संघाला बावीस गुण दिले तसे समोरच्यांनाही अकरा दिले. क्रिकेटमध्ये धावांसोबत किती चेंडू खेळला हे आपण विचारतोच, तितक्याच सहजपणे इथे किल्ससोबत टीए आणि ई विचारायची सवय लावा.

तरी .190 दिसलं म्हणून लगेच निकाल देऊ नका. जो प्रयत्न किलही होत नाही आणि चूकही होत नाही, तो चेंडू खेळात ठेवतो. पास म्हणजे संघाचा पहिला स्पर्श वाकडा गेलाय, सेट (मारण्यासाठी उचलून दिलेला चेंडू; सामन्याच्या डावालाही सेटच म्हणतात) जाळ्यापासून लांब आलाय, समोर दोघींचा ब्लॉक उभा आहे, अशा वेळी जी मुलगी चेंडू कोपऱ्यात ढकलून समोरच्यांना पुन्हा खेळायला लावते, तिने संघाचा गुण वाचवलेला असतो. बॉक्स स्कोअरमध्ये तो फक्त टीएमध्ये एकने वाढ म्हणून दिसतो आणि तिची टक्केवारी खाली खेचतो. अवघड चेंडू बहुतेक वेळा डाव्या बाजूच्या आउटसाइड हिटरकडेच जातात, त्यामुळे हा तोटा जास्त करून तिलाच होतो.

ब्लॉकमध्ये दोन रकाने असतात. ‘बीएस’ म्हणजे एकटीने केलेला, ‘बीए’ म्हणजे दोघी-तिघींनी मिळून केलेला. गुणांच्या हिशेबात एकटीचा ब्लॉक एक आणि मिळून केलेला अर्धा धरतात. ‘पॉइंट्स’ नावाचा रकाना यातूनच येतो: किल्स, अधिक एस (सर्व्हिसवर थेट मिळालेला गुण), अधिक बीएस, अधिक बीएचे निम्मे. 18 किल्स, 2 एस, 1 बीएस आणि 3 बीए असतील तर साडेबावीस. यात एक खोच आहे. तिघींनी मिळून ब्लॉक केला तर तिघींच्या नावावर एक-एक बीए पडतो, म्हणजे एका गुणासाठी संघाच्या खात्यात दीड ब्लॉक जमा होतो. तिहेरी ब्लॉक वारंवार उभारणाऱ्या संघाचे ब्लॉकचे आकडे म्हणून थोडे फुगलेले दिसतात. शिवाय ब्लॉकला लागून चेंडूचा वेग मेला आणि मागच्या खेळाडूला तो सहज उचलता आला, तर ब्लॉकरच्या खात्यात काहीच जमा होत नाही.

‘डिग’ म्हणजे समोरून मारलेला चेंडू उचलून खेळात ठेवणं. सर्व्हिस घेणं डिगमध्ये मोजत नाहीत. त्यासाठी रिसेप्शनचा वेगळा रकाना असतो आणि ‘आरई’ म्हणजे रिसेप्शनमधली चूक. ‘एसए’ आणि ‘एसई’ म्हणजे सर्व्हिसवरचा एस आणि सर्व्हिसची चूक. हे दोन्ही आकडे एकत्र बघा. पाच एस मारणारीने नऊ सर्व्हिस जाळ्यात घातल्या असतील तर तेही बोललं पाहिजे.

हे सगळे आकडे यजमान संघाची माणसं नोंदवतात. किलबद्दल फारसा वाद होत नाही. डिग दिला की नाही दिला, असिस्ट (किलआधी चेंडू उचलून देणारीचं श्रेय) धरला की नाही धरला, हे मात्र नोंदवणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतं. एखाद्या लिबेरोचे घरचे आणि बाहेरचे डिग वेगवेगळे काढून बघा. फरक मोठा असेल तर त्या आकड्यावर फार भार टाकू नका.

तिसरं काम: सगळं सेटने भागा

पाच सेटच्या सामन्यात पंचवीस किल्स आणि तीन सेटमध्ये अठरा. पहिलीचे दर सेटला पाच पडतात, दुसरीचे सहा. प्रसिद्धीपत्रकात बेरीज लिहिलेली असते, कारण ती मोठी दिसते. तुम्ही भागाकार करा. दहा किल्स आणि दहा डिग मिळाले की ‘डबल-डबल’ म्हणून कौतुक होतं, पण तीन सेटमध्ये आणि पाच सेटमध्ये ते मिळवणं यात खूप अंतर आहे.

जुन्या विक्रमांशी तुलना करायची हौस असेल तर आणखी सांभाळा. कॉलेज महिला व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येक रॅलीला गुण देण्याची पद्धत 2001 साली आली तेव्हा सेट तीस गुणांचा होता. 2008 पासून तो पंचवीसचा झाला. 2005 मधल्या मुलीचे दर सेटचे किल्स आजच्या मुलीच्या आकड्यांशेजारी मांडले तर तुलना खरी होत नाही.

चौथं काम: ती कोणत्या जागेवर खेळते

ढोबळ अंदाज देते. हे माझ्या पाहण्यातले आहेत, नियम म्हणून घेऊ नका. आउटसाइड हिटर दर सेटला चारच्या वर किल्स आणि .280 ते .300 च्या आसपास टक्केवारी राखत असेल तर तिचा आठवडा चांगला गेला. पाचच्या वर गेली तर फारच चांगला. मिडल ब्लॉकरला, म्हणजे जाळ्याजवळ मधोमध खेळणारीला, सेट कमी मिळतात आणि जलद मिळतात, म्हणून तिच्याकडून .350 ते .400 ची अपेक्षा ठेवायला हरकत नाही, आणि दर सेटला एकापेक्षा जास्त ब्लॉकचीही. मिडलची .400 आणि आउटसाइडची .300 शेजारी ठेवून मिडल जास्त अचूक आहे असं म्हणणं चूक आहे, कारण दोघींची कामंच वेगळी आहेत.

आउटसाइड सहाही रोटेशन, म्हणजे फिरत फिरत पुढच्या आणि मागच्या सगळ्या जागा, खेळते की मागे गेल्यावर तिच्या जागी दुसरी येते, हेही बघा. कॉलेजच्या नियमांत एका सेटमध्ये पंधरा बदल करता येतात, आंतरराष्ट्रीय खेळात मात्र फक्त सहा. त्यामुळे कॉलेजमध्ये फक्त पुढच्या रांगेपुरत्या खेळणाऱ्या मुली बऱ्याच दिसतात. जी मागे राहून सर्व्हिसही घेते, डिगही करते आणि मागच्या रांगेतून मारतेही, तिचे चार किल्स आणि फक्त पुढे खेळणारीचे चार किल्स मी एका पारड्यात टाकत नाही.

एव्हीसीएची वर्षाची सर्वोत्तम खेळाडू बघा. 2021 मध्ये विस्कॉन्सिनची डेना रेट्की, मिडल ब्लॉकर. 2022 मध्ये टेक्सासची लोगन एगल्स्टन, 2023 मध्ये विस्कॉन्सिनची सारा फ्रँकलिन, दोघी आउटसाइड. 2024 मध्ये पिट्सबर्गची ऑलिव्हिया बॅबकॉक, उजव्या बाजूची. या चौघीही त्या मानाच्या पूर्ण हक्कदार होत्या, त्याबद्दल माझा वाद नाही. पण चारही नावं जाळ्यावर मारणाऱ्यांची आहेत हे लक्षात घ्या. साप्ताहिक पुरस्कारांचा कलही तिकडेच असतो.

पाचवं काम: सेटर आणि लिबेरोचा हिशेब वेगळा मांडा

सेटरचा आकडा म्हणजे असिस्ट, आणि असिस्ट तेव्हाच पडतो जेव्हा पुढची मुलगी किल करते. सेट कितीही सुंदर असो, हिटरने बाहेर मारला तर सेटरच्या खात्यात काहीच नाही. सेट जाळ्यापासून तीन फूट लांब असो, हिटरने कसाबसा गुण काढला तर असिस्ट. म्हणून सेटरची तुलना असिस्टवर करू नका, संघाच्या हिटिंग पर्सेंटेजवर करा. चांगल्या संघाविरुद्ध संपूर्ण संघाने .300 च्या वर मारलं असेल तर त्यामागे सेटरचा हात मोठा असतो. चेंडू कसे वाटले तेही बघा. चार वेगवेगळ्या मुलींचे किल्स आठ-आठ, नऊ-नऊ असतील तर समोरच्या ब्लॉकला पुढचा चेंडू कुठे जाणार ते ओळखता आलं नाही.

इथे एक मोठा अन्याय नेहमी होतो. काही संघ एकच सेटर ठेवतात, त्याला पाच-एक पद्धत म्हणतात. काही संघ सहा-दोन खेळतात: दोन सेटर, आणि जी मागच्या रांगेत असेल ती सेट करते. बदलांची चंगळ असल्यामुळे कॉलेजमध्ये ही पद्धत परवडते. पण असिस्ट दोघींत वाटले जातात. पाच-एकमधली सेटर दर सेटला अकरा असिस्ट दाखवते आणि सहा-दोनमधल्या दोघी पाच-साडेपाच. आठवड्याची सेटर निवडताना या दोघींचा विचार होणं अवघड होऊन बसतं. संघ सहा-दोन खेळतो की नाही हे तपासल्याशिवाय सेटरवर मत देऊ नका.

बॉल हँडलिंगची चूक म्हणजे ‘बीएचई’ हा रकानाही पूर्वीसारखा वाचू नका. 2024 पासून नियम बदलला: संघाच्या दुसऱ्या स्पर्शात चेंडू एकाच खेळाडूच्या हाताला सलग दोनदा लागला तरी, तो आपल्याच बाजूला राहिला तर ती चूक धरत नाहीत. 2022 ची सेटर आणि आजची सेटर यांच्या या आकड्यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

लिबेरो हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. कॉलेजमध्ये लिबेरो एका रोटेशनमध्ये सर्व्हिसही करू शकते, आंतरराष्ट्रीय सामन्यांत तिला तशी परवानगी नाही. त्यामुळे तिच्याकडे एसही असतात. ते बघायला विसरू नका.

तिचे डिग मोजताना एक प्रश्न विचारा: चेंडू तिच्याकडे इतके का आले? जो संघ कडक सर्व्हिस करतो, त्याच्यासमोर पास वाकडे जातात, हल्ले बोथट होतात, आणि त्या संघाच्या लिबेरोला अवघड डिगच्या संधी कमी मिळतात. ज्या संघाचा ब्लॉक ढिला, त्याच्या लिबेरोकडे चेंडूंचा पाऊस पडतो. दर सेटला सहा डिग हा आकडा पराभूत संघातूनही येऊ शकतो. म्हणून डिगच्या शेजारी समोरच्या संघाची हिटिंग पर्सेंटेज लिहा. समोरच्यांना .150 वर रोखलं आणि लिबेरोचे डिग दर सेटला साडेचार असतील, तर तो खरा बचाव.

आणि रिसेप्शन. सगळी गाडी सर्व्हिसच्या पहिल्या पासवर चालते. पास जाळ्याजवळ नेमका गेला तर सेटरला तिन्ही बाजू मोकळ्या, मिडलला जलद सेट मिळतो, ब्लॉकर अडकतात. पास लांब गेला की चेंडू डाव्या बाजूला उंच जाणार हे सगळ्या सभागृहाला कळतं. प्रशिक्षक प्रत्येक पासला शून्य ते तीन असे गुण देतात. त्याची सरासरी दोनच्या वर असली की बरं मानतात, अडीचच्या जवळ गेली तर उत्तम. पण हे गुण बॉक्स स्कोअरमध्ये येत नाहीत. तिथे फक्त किती सर्व्हिस घेतल्या आणि किती वेळा चूक झाली एवढं दिसतं. म्हणून सामना बघताना स्वतः मोजा. कागदावर लिबेरोचं नाव लिहा आणि प्रत्येक पासला 0, 1, 2 किंवा 3 लिहीत जा. एका सामन्यात हात बसतो.

सहावं काम: समोर कोण होतं

हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो. पहिले काही आठवडे कॉन्फरन्सबाहेरचे सामने असतात, आणि शनिवार-रविवारच्या छोट्या स्पर्धांत एका संघाचे तीन-तीन सामने होतात. समोर कधी राष्ट्रीय क्रमवारीतला संघ असतो, तर कधी अगदी दुबळा. या दिवसांतली साप्ताहिक बक्षिसं सर्वांत फसवी. .600 च्या टक्केवाऱ्या दिसतात, पण त्या तीन सामन्यांतले दोन कोणाविरुद्ध होते ते कोणी सांगत नाही. सप्टेंबरच्या शेवटाकडे कॉन्फरन्सचे सामने सुरू झाले की आठवड्याला साधारण दोन सामने होतात आणि तुलना सोपी होते.

प्रतिस्पर्ध्याचं वजन ठरवायला एव्हीसीएची प्रशिक्षकांची क्रमवारी हे पहिलं साधन. त्यात फक्त पंचवीस संघ असतात, म्हणून बाकीच्यांसाठी त्या संघाची हंगामातली बचावाची आकडेवारी बघा: समोरचे त्यांच्याविरुद्ध सरासरी किती टक्केवारीने मारतात? एखादा संघ सगळ्यांना .160 वर रोखत असेल आणि तुमच्या उमेदवाराने त्यांच्याविरुद्ध .290 मारलं असेल, तर दुबळ्या संघाविरुद्धच्या .450 पेक्षा मी त्याला जास्त मान देते.

विजय-पराभवाचं काय? पराभूत संघातल्या मुलीला पुरस्कार द्यावा का, यावर चाहत्यांत कायम दोन तट असतात. माझं मत असं की एक सामना जिंकला आणि एक हरला तरी नाव बाद करू नये. दोन्ही हरले तर कारण खूपच भक्कम लागेल.

सातवं काम: प्ले-बाय-प्ले उघडा

हे काम फार थोडे लोक करतात. बॉक्स स्कोअरच्या खालीच गुणागणिक नोंद असते: सर्व्हिस कोणाची, किल कोणाचा, चूक कोणाची. तिथे दोन गोष्टी शोधा. एक, दोन्ही संघ वीसच्या पुढे असताना चेंडू कोणाकडे गेला आणि काय झालं. दोन, एखादी मुलगी सर्व्हिसला असताना संघाने सलग किती गुण घेतले. तिने एकही एस मारला नसेल, पण तिच्या सर्व्हिसवर सहा-सात गुणांची माळ लागली असेल तर ते तिचंच काम. समोरच्यांना नीट पास देता येत नव्हता, म्हणून ते गुण आले. बॉक्स स्कोअरमध्ये याची खूणसुद्धा नसते.

आता स्वतःची मतपत्रिका भरा

पुरस्कार जाहीर होण्याआधी, रविवारी रात्रीच, तुमची निवड आणि तिचं कारण लिहून ठेवा. तीन काल्पनिक उमेदवार घेऊन दाखवते.

पहिली आउटसाइड. दोन सामने, नऊ सेट, 45 किल्स, 20 चुका, 118 प्रयत्न, 27 डिग. टक्केवारी .212, दर सेटला पाच किल्स, तीन डिग. एक विजय, एक पराभव, दोन्ही संघ क्रमवारीबाहेरचे.

दुसरी मिडल. दोन सामने, सहा सेट, 22 किल्स, 2 चुका, 36 प्रयत्न, 11 ब्लॉक. टक्केवारी .556. दोन्ही सामने तीन-शून्यने जिंकले, त्यातला एक पहिल्या दहातल्या संघाविरुद्ध.

तिसरी लिबेरो. दोन सामने, आठ सेट, 41 डिग, 52 सर्व्हिस घेतल्या आणि चूक एक. दोन्ही विजय क्रमवारीतल्या संघांवर, त्यातला एक पाच सेटचा.

प्रसिद्धीपत्रकात 45 हा आकडा सर्वांत ठळक दिसेल. तिच्या बाजूने बोलायलाही बरंच आहे: दर सेटला तेरा प्रयत्न म्हणजे संघात दुसरी मारणारी नाही आणि सगळा भार तिच्यावर. पण क्रमवारीबाहेरच्या संघांविरुद्ध वीस चुका मला जड वाटतात. मिडलचा दावा मजबूत आहे. ज्याला थेट गुण मोजायचे असतील त्याने तिला मत द्यावं, मी त्याच्याशी भांडणार नाही. तरी माझं मत तिसरीला. बावन्न कडक सर्व्हिस घेऊन एकदाच चुकणं, तेही दोन क्रमवारीतल्या संघांसमोर, याचा अर्थ तिच्या संघातल्या प्रत्येक हिटरला चांगले सेट मिळत राहिले. दुसरीचे दर सेटला सहा जलद सेटसुद्धा तिच्या संघातल्या कोणाच्या तरी चांगल्या पासवरच आले असणार, आणि त्या मुलीचं नाव मतपत्रिकेवर नाही.

तुमची निवड वेगळी आली तर चांगलंच. फक्त तीन ओळींत कारण लिहिता आलं पाहिजे: कोणत्या जागेवर, किती सेटमध्ये, कोणाविरुद्ध.

बोलताना सांभाळायच्या गोष्टी

या अठरा ते बावीस-तेवीस वर्षांच्या विद्यार्थिनी आहेत. सकाळी वर्गात, संध्याकाळी सरावाला, गुरुवारी विमानात. निवडीवर हवी तितकी टीका करा, निवडलेल्या मुलीवर नको. ‘हिला कसा काय मिळाला’ असं लिहिण्याऐवजी ‘तिला मिळायला हवा होता, कारण’ असं वाक्य सुरू करा. मुद्दा तोच राहतो आणि कोणाला लागत नाही. कोणाही खेळाडूला थेट संदेश पाठवून तिच्या आकड्यांचा जाब विचारू नका. सट्टेबाजांकडून खेळाडूंना होणारा त्रास इतका वाढला आहे की एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी मार्च 2024 मध्ये कॉलेज खेळाडूंच्या वैयक्तिक आकड्यांवरच्या पैजा बंद करा, अशी मागणी राज्यांकडे केली. तुमच्या गटात कोणी अमकीच्या किल्सवर पैसे लावण्याची भाषा काढली, तर तिथेच थांबवा.

दिसण्यावरची, उंचीवरची, शरीरावरची शेरेबाजी पुरस्काराच्या चर्चेत आणू नका, कौतुक म्हणूनसुद्धा नाही. आणि मुलींच्या खेळात काय एवढं, असं म्हणणाऱ्याला पेन स्टेटची माहिती द्या: 2007 ते 2010 दरम्यान सलग 109 सामने जिंकलेला संघ. याच विद्यापीठाने 2024 चं विजेतेपद पटकावलं तेव्हा कॅटी शूमाकर-कॉली या एनसीएए डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या स्तराचं व्हॉलीबॉल विजेतेपद मिळवणाऱ्या पहिल्या महिला मुख्य प्रशिक्षक ठरल्या, आणि त्या हंगामात त्यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू होते.

सुरुवात कुठून करायची

पहिल्या हंगामात एकच कॉन्फरन्स धरा आणि त्यातले दोन संघ. तुम्ही पर्ड्यूत असाल तर हॉलोवे जिम्नेशियममध्ये जा, इलिनॉयमध्ये असाल तर हफ हॉलमध्ये, विस्कॉन्सिनला, मॅडिसनमध्ये असाल तर फील्ड हाउसमध्ये. जाताना कागद-पेन न्या आणि शक्यतो कोर्टच्या मागच्या टोकाला, थोडं उंचावर बसा. तिथून पास आणि ब्लॉक कसे उभे राहतात ते नीट दिसतं. बाजूला बसलं की नजर फक्त चेंडूमागे धावते.

पुण्यात, कोल्हापुरात बसून बघणार असाल तर वेळेचा हिशेब असा: शुक्रवारी मध्य अमेरिकेत संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसहाला. रविवारचे सामने दुपारचे असले तर आपल्याकडे रविवारी रात्री उशिरा येतात, म्हणून ते चुकले तर बॉक्स स्कोअर आणि प्ले-बाय-प्ले सोमवारी सकाळी वाचा आणि लगेच मतपत्रिका भरा. तेव्हा तिकडे रविवारची रात्र असते, आणि निकाल यायला तुमच्या हातात अजून बरेच तास असतात.